भूलतज्ज्ञ प्रत्यक्ष किती दिवस हजर होते?

आमच्या तालुक्याला समुद्र आहे, दोन खाड्या आहेत आणि ५० खाटांचं एक उपजिल्हा रुग्णालय आहे. त्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटर आहे. टेबल आहे, वरचा दिवा आहे, ऑक्सिजन आहे, स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरही बहुतेक वेळा असतात. तरीही तिथं सिझर होत नव्हतं, कारण भूल द्यायला कुणी नव्हतं. बाळंतीण अडली की चिठ्ठी लिहायची आणि पुढं पाठवायची. जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथंही जमलं नाही तर घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात, नाहीतर हद्द ओलांडून गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. मी याच तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून नोकरी केली. अशा किती चिठ्ठ्या माझ्या डोळ्यांसमोर लिहिल्या गेल्या त्याचा हिशेब मी कधी ठेवला नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही काही जणांनी हा प्रश्न विधानसभेत विचारला जावा म्हणून खटपट केली. बचत गटातल्या बायका, दोन आशाताई, एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर भाऊ आणि माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणारा एक तरुण मुलगा, एवढेच आम्ही. तो सगळा प्रवास इथं सविस्तर मांडते आहे. दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाला हेच करायचं असेल तर कुठं काय लागतं ते आधी कळलेलं बरं.

निमित्त झालं श्रावणातल्या एका रात्रीचं. खाडीपलीकडच्या वाडीतली पहिलटकरीण. कळा सुरू झाल्या तेव्हा खाडीवरची तर (माणसं पलीकडे नेणारी होडी) बंद झाली होती, म्हणून रिक्षानं लांबच्या पुलावरून आणली. रुग्णालयात तपासलं तर बाळ आडवं. सिझरशिवाय गत्यंतर नाही. आमच्या तालुक्याची १०८ दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली, म्हणून शेजारच्या तालुक्यातून गाडी मागवली. ती आली, बाईला घेऊन निघाली, पण पोचायला उशीर झाला. आई वाचली, बाळ गेलं. दुसऱ्या दिवशी मी घरी गेले तेव्हा तिची सासू मला म्हणाली, "माज्या सुनेचा नाव खंय घालू नको गो. पण जा झाला ता सगळा सांग." नाव मी आजवर कुठं घातलेलं नाही. बाकीचं सांगायचं काम मात्र अंगावर घेतलं.

मोर्चा काढा, रुग्णालयाला टाळं ठोका, असं सांगणारे भेटले. टाळं ठोकून जे चालू आहे तेही बंद पडतं, हे नोकरीत असताना पाहिलेलं होतं. आपल्या कोकणाला विधिमंडळाची वाट नवी नाही. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातली कुळं मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेली. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यामागून मधु दंडवते राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. सभागृहात उभं राहून प्रश्न कसा विचारावा याचं उदाहरण म्हणून आमच्या वडिलांची पिढी या दोघांची नावं घेत असे. मी त्याच बोलण्यात वाढले. सरकारला जाब विचारण्याची जागा सभागृह आहे, असं मला मनापासून वाटतं.

आधी कागद जमवले. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आम्ही तीन गोष्टी मागितल्या: मंजूर आणि भरलेली पदं, रेफर केलेल्या गरोदर बायकांची महिनावार नोंद, आणि थिएटरच्या रजिस्टरची प्रत. उत्तर आलं. पदांच्या तक्त्यात भूलतज्ज्ञाच्या पुढं लिहिलेलं होतं, 'भरलेले'.

मुलगा हिरमुसला. म्हणाला, "काकी, पद भरलेलं आहे म्हणतात, मग आपण मांडायचं काय?" मला मात्र तो शब्द वाचून बरंच काही कळलं. हे सगळं प्रकरण प्रतिनियुक्तीचं होतं. डॉक्टरांची नेमणूक आमच्या रुग्णालयावर, पगार आमच्या रुग्णालयातून, आणि काम जिल्ह्याच्या ठिकाणी. त्या डॉक्टरांचा यात दोष नाही, वरून आदेश असतो. तिथंही भूलतज्ज्ञांची ओढाताण असते आणि रुग्णांची गर्दी जास्त असते. पण कागदावर आमचं पद भरलेलं राहतं, म्हणून नवा डॉक्टर मागताही येत नाही. पद रिकामं असतं तर निदान रिकाम्या पदांच्या यादीत आलं असतं, बंधपत्रित (शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करायला बांधलेला) किंवा कंत्राटी डॉक्टर मिळण्याची आशा तरी राहिली असती.

म्हणून 'पद रिक्त आहे, हे खरे आहे काय' असं विचारून चालणार नव्हतं. 'हे खरे नाही' एवढं उत्तर आलं असतं आणि विषय संपला असता.

आमदारांच्या कार्यालयात त्यांच्या स्वीय सहाय्यकांनी आम्हाला वेळ दिला. बरीच वर्षं हेच काम करणारे गृहस्थ. आमचं तीन पानी निवेदन त्यांनी शांतपणे वाचलं आणि पेन्सिलीनं त्याचे तुकडे पाडले. रुग्णालय आणि १०८ हे सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांकडं. बंद झालेली वस्तीची गाडी, म्हणजे रात्री वाडीत मुक्कामाला थांबणारी एसटी, परिवहन मंत्र्यांकडं. मुंबई–गोवा महामार्गाचं काम म्हणाल तर तो राष्ट्रीय महामार्ग, विषय मुळात केंद्राचा. "सिस्टर," ते म्हणाले, "एका प्रश्नात एकच खातं. तीन खाती एकत्र केलीत तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवील आणि तुमची बाई मधल्या मधे राहील."

आमच्यासाठी ते एकच दुखणं होतं. बाईला घरून रुग्णालयात यायला एसटी लागते, रुग्णालयातून पुढं जायला १०८ लागते, आणि १०८ ला रस्ता लागतो. पण सरकार खात्यांनी चालतं. प्रश्न खात्यांच्या हिशेबानंच बांधावा लागतो हे त्या दिवशी पटलं.

मग त्यांनी प्रश्नाचे प्रकार समजावले. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर मिळतं. तारांकित प्रश्न अधिवेशन सुरू होण्याच्या महिनाभर किंवा त्याहूनही आधी द्यावा लागतो, म्हणजे आज घडलं आणि उद्या विचारलं असं होत नाही. तातडीच्या गोष्टीसाठी लक्षवेधी सूचना आणि औचित्याचा मुद्दा ही आयुधं वेगळी. विधिमंडळात त्यांना आयुधंच म्हणतात.

प्रश्नाचा मसुदा आम्ही तिथंच बसून केला. मला त्यातला शब्दन् शब्द अजून आठवतो, कारण एकेका शब्दावर घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं:

'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) सदर उपजिल्हा रुग्णालयातील भूलतज्ज्ञ या पदावरील अधिकाऱ्याचे वेतन या रुग्णालयातून अदा होत असून सदर अधिकारी प्रतिनियुक्तीने अन्यत्र कार्यरत असल्याचे माहे ऑगस्टमध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) मागील एक वर्षात सदर अधिकारी या रुग्णालयात प्रत्यक्ष किती दिवस हजर होते, (३) उक्त कालावधीत शस्त्रक्रियेद्वारे प्रसूतीसाठी किती गरोदर मातांना अन्यत्र संदर्भित करण्यात आले, (४) सदर प्रतिनियुक्ती रद्द करण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

यात दोन खुब्या आहेत. 'वा त्या दरम्यान' हे शब्द तारखेसाठी. नेमकी तारीख घातली आणि ती एका दिवसानं चुकली, तर तेवढ्यावर सगळं नाकारता येतं. दुसरी खुबी 'असल्यास' या शब्दाची. बहुतेक प्रश्नांत दुसऱ्या भागापासून पुढं प्रत्येक भाग 'असल्यास' ने सुरू होतो. पहिल्या भागाला 'हे खरे नाही' म्हटलं की पुढच्या सगळ्या भागांना 'प्रश्न उद्भवत नाही' असं उत्तर देता येतं. वर्षानुवर्षं किती प्रश्न असे मेले असतील. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातून 'असल्यास' काढून टाकावं असा मी आग्रह धरला. पहिल्याचं काहीही होवो, हजर दिवस किती आणि रेफर किती, हे आकडे द्यावेच लागतील. सहाय्यक हसले आणि म्हणाले, "सिस्टर, तुम्ही आधीच यायला हवं होतं."

एक बारीक गोष्ट अजून. आम्ही मूळ मसुद्यात 'निष्काळजी प्रशासन' असं लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं. प्रश्नात आरोप, विशेषणं, टोमणे असले तर तो विधानमंडळ सचिवालयातच अडकतो. राग मलाही होता, अजूनही आहे. पण तो कागदावर न आणता माहिती मागायची, यातच ताकद असते.

आमदार साहेबांनी सही केली. सरकारच्या बाजूच्या बाकावर बसलेला आमदार प्रश्न विचारू शकतो का, असा प्रश्न गावात बऱ्याच जणांना पडला होता. विचारू शकतो. मंत्री सोडून कुठलाही सदस्य विचारू शकतो, पक्ष कोणताही असो. आमच्या प्रश्नाखाली पुढं आणखी काही आमदारांची नावं जोडली गेली. त्यांच्या तालुक्यांतही हीच स्थिती होती.

यानंतरचा भाग बाहेरच्या माणसाला दिसत नाही, मला तो माझ्या जुन्या सहकाऱ्यांमुळे दिसला. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्रालयातला कक्ष अधिकारी माहिती मागवतो. ती मागणी आयुक्तालयाकडून आरोग्य उपसंचालकांकडे जाते. आपल्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचं आरोग्य मंडळ कोल्हापूरला आहे, म्हणजे किनाऱ्यावरच्या रुग्णालयाचा कागद आधी घाट चढतो. तिथून जिल्हा शल्यचिकित्सक, आणि तिथून शेवटी ज्या रुग्णालयाबद्दल प्रश्न आहे त्याच रुग्णालयाचा लिपिक. त्याच्या टेबलावर 'विधानमंडळ, अत्यंत तातडीचे' असा शेरा मारलेलं पत्र येतं आणि संध्याकाळपर्यंत माहिती द्या असा फोन येतो. मंत्री सभागृहात जे वाचून दाखवतात त्याची पहिली ओळ अशा एखाद्या लिपिकानं रात्री उशिरा बसून लिहिलेली असते. मंत्र्यांसाठी सोबत पूरक टिपणीही तयार होते, म्हणजे उपप्रश्न काय येतील आणि त्यांना काय सांगायचं.

याचा अर्थ असा की उत्तर किती खरं असेल हे त्या शेवटच्या टेबलावरच्या नोंदवहीवर ठरतं. नोंदवही नीट असेल तर वरच्या कुणालाही तिच्याविरुद्ध लिहिताना विचार करावा लागतो. म्हणून आम्ही माहिती अधिकारात त्याच नोंदवहीच्या साक्षांकित प्रती आधी घेऊन ठेवल्या होत्या. हे काम कुणीही करावं. खर्च फार नाही, वेळ लागतो.

अधिवेशनात आमच्या प्रश्नाचा दिवस ठरला. प्रश्नांचा अग्रक्रम सोडतीनं लागतो, आणि आमचा क्रमांक यादीत बराच खाली होता. तरी जायचं ठरवलं. कोकणकन्येनं रात्री निघालो, सकाळी मुंबईत. आमदार निवासात चहा घेऊन विधान भवन. गॅलरीचे पास आमदारांच्या शिफारशीनं मिळतात. मोबाइल, पिशव्या, पाण्याची बाटली सगळं बाहेर ठेवायचं. आत बसल्यावर बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत. २८८ आमदारांचं ते सभागृह वरून बघताना माझ्या बरोबरच्या बायका गप्प झाल्या होत्या. त्यांतल्या दोघींनी मुंबई प्रथमच पाहिली होती.

प्रश्नोत्तराचा तास खरोखर एक तासाचाच असतो. पहिला प्रश्न एका मोठ्या शहराच्या पाण्याचा निघाला आणि त्यावर उपप्रश्नांवर उपप्रश्न होत राहिले. वेळ सरत होता. दुसऱ्या प्रश्नाला मंत्र्यांचं उत्तर पटलं नाही म्हणून गोंधळ झाला, काही सदस्य पुढच्या मोकळ्या जागेत आले, घोषणा सुरू झाल्या, आणि सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब झालं. परत भरलं, परत तेच. तास संपला. आमचा प्रश्न पुकारलाच गेला नाही.

मी हे स्पष्ट लिहिते, कारण मला त्याचं फार वाईट वाटलं. सभागृहात विरोध करायला हवा, तो त्यांचा हक्क आहे, आणि कधी कधी सभागृह रोखून धरण्याइतका विषय गंभीर असतोही. पण तासातली वीस मिनिटं गेली म्हणजे यादीतल्या खालच्या तालुक्यांची वीस मिनिटं जातात. गोंधळाची बातमी होते, यादीतल्या पंधराव्या प्रश्नाची होत नाही. उपप्रश्नाची तयारी करून आलेला आमचा आमदार कागद हातात धरून तसाच बसून राहिला. तयारी केलेल्या आमदाराचं लोकांनी कौतुक करायला हवं, मग तो कुठल्या पक्षाचा का असेना. ते आपण करत नाही.

पुकारला न गेलेल्या तारांकित प्रश्नाचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवलं जातं, आणि ते छापील यादीत मिळतं. बाहेर आल्यावर सहाय्यकांनी ती यादी आमच्या हातात दिली. आम्ही फुटपाथवर उभ्या राहून वाचली. '(१) हे अंशतः खरे आहे.' दुसऱ्या भागाला उत्तर होतं की सदर अधिकारी आवश्यकतेनुसार उपलब्ध करून देण्यात येतात. दिवसांचा आकडा नाही. तिसऱ्या भागाला मात्र आकडा दिला होता, आणि तो आम्ही नोंदवहीतून काढलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळत होता. चौथा, कार्यवाही सुरू आहे. पाचवा, प्रश्न उद्भवत नाही.

बायका नाराज झाल्या. मला मात्र त्यात पुढची वाट दिसत होती. आतापर्यंत रेफर झालेल्या बायकांचा आकडा आमचा होता, आता तो मंत्र्यांच्या सहीनं विधानसभेच्या कागदावर होता. आणि हजर दिवसांचा आकडा दिला नाही, हेही छापून आलं होतं. विचारलं होतं आणि सांगितलं नाही, याचा पुरावाच हातात आला.

गावात परत आल्यावर एसटी स्टँडवर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कागद मुंबयक गेलो, पण डॉक्टर हंय येतलो काय?" मी म्हटलं, "येतलो, पण आजून एक कागद लागतलो."

तो दुसरा कागद विधान परिषदेतून गेला. परिषदेत ७८ सदस्य आहेत आणि त्यांत कोकण विभागाचे शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघही आहेत, हे आपल्याकडे फार थोड्यांच्या लक्षात असतं. तिथल्या एका सदस्यांना आम्ही सगळे कागद दिले. हिवाळी अधिवेशन नागपूरला होतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विदर्भाला जो मान मिळाला त्याप्रमाणे वर्षातलं एक अधिवेशन तिथं भरतं. आम्हाला काही तिथं जाणं जमलं नाही. त्यांनी लक्षवेधी सूचना दिली आणि ती लागली. लक्षवेधीला मंत्र्यांचं निवेदन आधी छापून हातात येतं, त्यामुळे सदस्य सरळ मुद्द्याला हात घालू शकतात.

बचत गटाच्या खोलीत आम्ही मोबाइलवर थेट प्रक्षेपण पाहत होतो. सदस्यांनी उभं राहून विधानसभेच्या यादीतला तिसऱ्या भागाचा आकडा वाचला आणि विचारलं, एवढ्या माता बाहेर पाठवल्या हे शासन मान्य करतं, मग त्या वर्षात भूलतज्ज्ञ प्रत्यक्ष किती दिवस हजर होते? मंत्र्यांनी मागं बसलेल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. चिठ्ठी पुढं आली. मंत्री म्हणाले की हजर दिवसांची संख्या समाधानकारक नाही. आकडा त्यांनी तेव्हाही सांगितला नाही, पण पुढचं वाक्य महत्त्वाचं होतं: महिन्याभरात प्रतिनियुक्ती रद्द करू आणि तोवर आठवड्यातले ठरावीक दिवस डॉक्टरांना मूळ रुग्णालयात पाठवू.

असं वाक्य सभागृहात उच्चारलं गेलं की ते आश्वासन ठरतं. 'तपासून घेऊ', 'विचार करू' यांत पळवाट असते, 'रद्द करू' यात नसते. कामकाजाच्या वृत्तांतातून अशी आश्वासनं वेगळी काढली जातात, ती आश्वासन समितीकडे जातात, आणि खात्यानं ती तीन महिन्यांत पुरी करावीत अशी अपेक्षा असते. आम्ही वृत्तांताचं ते पान मिळवलं, झेरॉक्स काढल्या आणि एकेक प्रत जिल्हा शल्यचिकित्सक, उपसंचालक आणि रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना पोचती केली. पोच घ्यायला विसरू नये.

प्रतिनियुक्ती रद्द झाली. महिन्यात झाली नाही, पण झाली. ज्या दिवशी थिएटरमध्ये पहिलं ठरवून केलेलं सिझर झालं त्या दिवशी मी तिथं होते. मुलगी झाली. आता दिवसा भूलतज्ज्ञ मिळतात, आणि ते रजेवर असले तर खासगी भूलतज्ज्ञाला केसमागं पैसे देऊन बोलावण्याची सोय राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे, तीही वापरली जाते. रात्रीचं मात्र अजून खरं नाही.

बाकीच्या दोन प्रश्नांचं थोडक्यात सांगते. वस्तीच्या गाडीच्या प्रश्नाला परिवहन खात्यानं 'प्रवासी भारमान कमी', म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, असं कारण दिलं. ही गाडी २०२१ च्या शेवटी एसटीचा मोठा संप सुरू झाला तेव्हा बंद पडली ती परत सुरूच झाली नव्हती. आमच्या कंडक्टर भाऊंनी त्यावर चांगला तोडगा काढला. बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास झाल्यापासून प्रवासी वाढले आहेत, तेव्हा भारमान कधीच्या महिन्याचं मोजलं ते सांगा, एवढंच त्यांनी अतारांकित प्रश्नात विचारायला लावलं. मोजणी गाडी बंद पडण्याआधीची निघाली. गाडी सुरू झाली. संध्याकाळी येते, रात्रभर वाडीत थांबते आणि पहाटे निघते. आशाताई तिच्यातूनच गरोदर बायकांना तपासणीला आणतात.

महामार्गाचं काही मनासारखं झालं नाही. राज्यातल्या मंत्र्यांनी सांगितलं की विषय केंद्राच्या अखत्यारीतला आहे. खासदारांमार्फत लोकसभेत विचारलं तर उत्तर आलं की त्या भागातलं काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेमार्फत सुरू आहे. दोन्ही उत्तरं खरी आहेत. रस्ता केंद्राचा, काम राज्याच्या हातून. पनवेल–इंदापूर टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून कोकणातली एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली. यावर उच्च न्यायालयातही याचिका झाल्या, आणि न्यायप्रविष्ट बाबीवर सभागृहात प्रश्न स्वीकारायला अडचण येते. दोन्ही सभागृहांत एकाच आठवड्यात, एकाच शब्दांत हा प्रश्न विचारला जावा असा प्रयत्न आम्ही करतो आहोत, म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्यापुढं ठेवता येईल. त्यासाठी शेजारच्या तालुक्यांतल्या लोकांची साथ हवी आहे.

१०८ बद्दलही लढा चालू आहे. २०१४ मध्ये राज्यात ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या, आणि तिनं असंख्य जीव वाचवले आहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्या गाड्यांवरचे चालक आणि डॉक्टर रात्री-अपरात्री घाटातून गाडी काढतात. पण उत्तरात दर वेळी जिल्ह्याची सरासरी वेळ येते. जिल्ह्याच्या ठिकाणी गाडी लवकर पोचते आणि खाडीपलीकडे उशिरा, दोन्हीची सरासरी काढली की कुणालाच उशीर झालेला दिसत नाही. पुढच्या वेळी तालुक्याचीही सरासरी मागायची नाही, प्रत्येक फोनची वेळ आणि गाडी पोचल्याची वेळ असा तक्ता मागायचा, असं ठरलं आहे.

भूलतज्ज्ञ आल्यावर दुसरी अडचण पुढं आली. सिझरमध्ये रक्तस्राव झाला तर रक्त लागतं, आणि रक्तपेढी जिल्ह्याच्या ठिकाणी. आमच्या रुग्णालयाला रक्तसाठवण केंद्र मंजूर आहे, फ्रीजही आलेला आहे, पण परवान्याचं आणि तंत्रज्ञाच्या पदाचं घोडं अडलं आहे. येत्या अधिवेशनासाठी तो प्रश्न आम्ही तयार केला आहे. नोंदवहीच्या प्रती आल्या आहेत. मसुद्यात पहिला भाग फ्रीज आल्याच्या तारखेचा ठेवला आहे, कारण पावती आमच्याकडं आहे आणि ती कुणाला नाकारता येणार नाही. सोमवारी आमदार साहेबांच्या कार्यालयात कागद द्यायचा आहे. आशाताईंना सकाळच्या गाडीनं यायला सांगितलं आहे.